आजी दक्षिणायनात गेली की उत्तरायणात? २२ डिसेंबर विरुद्ध १४ जानेवारी

गोमाईकाठचा (शहादा)

मुद्दा छोटा आहे, पण तो डोक्यात का शिरला ते आधी सांगतो.

मागच्या वर्षी २७ डिसेंबरला पहाटे माझी आजी गेली. ब्याण्णव वर्षांची होती, अंथरुणाला खिळली ती फक्त चार दिवस. अस्थी प्रकाशा गावी तापी नदीत सोडल्या, दहावं-तेरावं रीतसर झालं. आता वर्षश्राद्ध आलंय. ज्यांच्याकडून विधी करून घेतले त्यांनी आईला फोन करून सांगितलं की आजी दक्षिणायनात गेल्या, त्यात धनुर्मास (सूर्य धनु राशीत असतो तो महिना), तेव्हा वर्षश्राद्धाआधी एक शांत करून घ्या. खर्च अकरा हजार. वर म्हणाले, "अजून अठरा दिवस काढले असते तर उत्तरायण मिळालं असतं."

अकरा हजारांचं सोडा. ते 'अठरा दिवस' आईच्या मनातून जात नाहीत. आपण दवाखान्यात न्यायला उशीर केला का, सलाईन लावलं असतं तर निघाले असते का, हेच चाललंय.

म्हणून मी ठाम लिहितोय: आजी उत्तरायणातच गेली. उत्तरायण २१-२२ डिसेंबरला लागतं. १४ जानेवारीला तिळगूळ खा, पतंग उडवा, वाण लुटा, पण त्या दिवसाला उत्तरायणाचा आरंभ म्हणू नका.

पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांना थोडा कमी कललेला आहे. त्यामुळे डिसेंबरात सूर्य दक्षिणेला जाता येईल तितका जातो आणि तिथून फिरतो. अयन म्हणजे चालणं. उत्तरेला चालू लागला की उत्तरायण, त्याला राशीचा दाखला लागत नाही. साधारण सतराशे वर्षांपूर्वी, चित्रापक्षाच्या (चित्रा ताऱ्यावरून राशी मोजायच्या) हिशेबाने इ.स. २८५ च्या सुमारास, सूर्य वळण्याचा दिवस आणि मकर राशीत शिरण्याचा दिवस एकच होता. पण आस भोवऱ्यासारखा डुलतो. एक फेरा जवळपास २६ हजार वर्षांचा. वळणाचा बिंदू ताऱ्यांमध्ये ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. आज अंतर झालंय २४ अंश, आणि सूर्य दिवसाला अंशभर चालतो. २१ डिसेंबरमध्ये चोवीस मिळवा, संक्रांत येते.

स्वामी विवेकानंद जन्मले तो दिवस संक्रांतीचा होता. तारीख १२ जानेवारी १८६३. आज तीच संक्रांत १४-१५ ला येते. सूर्य मात्र तेव्हाही डिसेंबरातच वळत होता.

आमच्या गच्चीवरून पश्चिमेला, जरा दक्षिणेकडे, साखर कारखान्याचं धुराडं दिसतं. दिवाळीनंतर सूर्य रोज त्याच्या जवळ जवळ मावळत जातो, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पलीकडे जाऊन थबकतो, मग परत यायला लागतो. संक्रांतीपर्यंत चार बिंबं उत्तरेला आलेला असतो. ज्याला डोळे आहेत त्याने बघावं.

विरोध करणाऱ्यांचं स्वागत आहे. फक्त 'आमच्याकडे असंच असतं' एवढंच लिहू नका.

पंचांगी (जळगाव)

भाऊ, आजींना नमस्कार. तुमच्या घरच्या दुःखावर वाद घालायचा नाही, पण तुम्ही मुद्दा मांडलाय म्हणून लिहितो. तीस वर्षं पंचांग बघतोय, मुहूर्त काढून देतोय.

आधी, तुम्ही पंचांग नीट वाचलेलं नाही. डिसेंबरच्या पानावर २१-२२ तारखेला बारीक अक्षरात 'सायन मकर' लिहिलेलं असतं. म्हणजे सूर्य कधी वळतो हे पंचांगकर्त्याला ठाऊक आहे, त्याने लपवलेलंही नाही. जानेवारीच्या पानावर असते ती निरयन मकर संक्रांत. एक मोजमाप वळणापासून, दुसरं ताऱ्यांपासून. घरातला माणूस ठळक अक्षर वाचतो आणि बारीक सोडतो, त्याला आम्ही काय करणार?

आपले सण ताऱ्यांच्या मोजमापावर बसवलेले आहेत. २२ डिसेंबरला सूर्य मूळ नक्षत्रात असतो, धनु राशीत. त्याला त्या दिवशी 'मकरेत आला' म्हणायचं तर आकाशातल्या मकरेशी त्याचा संबंधच उरत नाही, नुसतं नाव राहतं. चांद्रमासांची नावं, अधिकमास, सगळं निरयन संक्रांतींवर टांगलेलं आहे. एक खुंटी उपटली की दिवाळीसुद्धा काही वर्षी महिनाभर हलेल. तयारी आहे का?

सुधारणा झाल्याच नाहीत असंही नाही. १९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. तिच्यात सौर पौष २२ डिसेंबरला सुरू होतो, अगदी तुमच्या मनासारखा. ती तारीख आकाशवाणीवर सांगतात, राजपत्रावर छापतात. तुमच्या घरच्या एखाद्या लग्नपत्रिकेवर छापली होती का? दुसरीकडे टिळक पंचांगवाले वेगळा अयनांश (वळण आणि मकरेचा आरंभ यांच्यातलं अंतर) धरतात, त्यांची संक्रांत १० जानेवारीलाच होऊन जाते. त्यांच्या घरीही तिळगूळ गोडच लागतो.

आता तुमची खरी गोष्ट. उत्तरायण या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि दोन्ही चालतात. पण दक्षिणायनात मृत्यू आला म्हणून शांत करा, हे मी तरी कुणाला कधी सांगितलेलं नाही. ब्रह्मसूत्रात चौथ्या अध्यायात सरळ सूत्र आहे, 'अतश्चायनेऽपि दक्षिणे'. ज्ञानी माणूस दक्षिणायनात गेला तरी त्याच्या फळात उणं येत नाही. भीष्म थांबले कारण त्यांना इच्छामरणाचा वर होता आणि तो खरा करून दाखवायचा होता. आपल्याला कुणी असा वर दिलाय? आईंना हे माझ्या नावाने सांगा. अकरा हजार वाचवा.

गोमाईकाठचा (शहादा)

काका, सूत्राबद्दल मनापासून आभार. आईला आजच वाचून दाखवतो.

पण 'शब्दाला दोन अर्थ' हे मला पटत नाही. घड्याळ वीस मिनिटं मागे पडलं तर आपण 'वेळेला दोन अर्थ आहेत' असं म्हणतो का?

भुसावळ जंक्शन

तुम्ही दोघं ज्या घराच्या दाराचा रंग ठरवताय ते घरच नाहीये.

माणूस गेला की गेला. सूर्य उत्तरेला चालतोय की दक्षिणेला, याचा ब्याण्णव वर्षांच्या म्हातारीच्या फुप्फुसाशी संबंध शून्य. थंडीचा संबंध असेल एक वेळ. गोमाईकाठचे साहेब, तुमची चूक मला जास्त मोठी वाटते. फोनवर बोलणारा निदान आपला धंदा करत होता. तुम्ही 'आजी उत्तरायणातच गेली' म्हणून त्याची मूळ अटच मान्य करून टाकलीत, की उत्तरायणात गेलेलं चांगलं. मग ५ ऑक्टोबरला ज्यांची आजी गेली त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी तुमच्याकडे कुठलं खगोलशास्त्र आहे?

अमळनेरला मंगळवारी मंगळदेवाच्या देवळात केवढी रांग असते ती बघा. त्या रांगेत उभ्या असलेल्या मुलीच्या बापाला जाऊन सांगा, की मंगळ सायन पद्धतीने दुसऱ्या घरात पडतो. तो म्हणेल, बरं झालं, आता दोन्हीकडची पूजा करतो.

गोमाईकाठचा (शहादा)

५ ऑक्टोबरचा प्रश्न लागला. खरंच लागला. दोन वेळा उत्तर लिहून खोडलं.

पण साहेब, तुम्ही माझ्या आईशी बोलून बघा. 'संबंध शून्य' म्हणालात की ती तुम्हाला चहा देईल, मान डोलवेल, आणि तुम्ही गेल्यावर अकरा हजार काढून ठेवेल. तिला आत्ता घटकाभर तरी सावरायचं तर तिच्या भाषेतच बोलावं लागतं. हे प्रामाणिक नाही म्हणालात तर ऐकून घेईन.

भुसावळ जंक्शन

प्रामाणिक नाहीच. पण आईसमोर मीही कदाचित तेच केलं असतं. इथे मात्र लिहू नका, इथे बाकीचे वाचतात.

दादरवाला (अमळनेर)

भो, मी शास्त्र शिकेल नही. पन एक इचारस. सूर्य डिसेंबरमा वळस म्हनतस, मंग सकाय व्हवाले जानेवारीमा आखो उशीर का व्हस?

(बाकीचं मराठीत लिहितो, नाहीतर जळगाववाले हसतील.)

गव्हाला पाणी द्यायला मी सकाळी पावणेसातला मोटर चालू करतो. नोव्हेंबरात त्या वेळेला लख्ख असतं. डिसेंबरच्या मध्याला पाटाचं पाणी कुठल्या वाफ्यात वळलं ते कसंबसं दिसतं. आणि संक्रांतीच्या आसपास त्याच वेळेला मला बॅटरी लागते. दरवर्षी. फेब्रुवारी लागला की बॅटरी घरी. म्हणजे माझ्या मोटरीच्या हिशेबाने सूर्य संक्रांतीलाच वळतो. तुमचं धुराडं खरं की माझी बॅटरी?

मनी माय सांगे, संक्रांतपासून दिवस तीळतीळ वाढस. ती काही वेडी नव्हती.

नंदुरबारचा मांजा

दादरवाल्यांनी षटकार मारला. आता बघू शहादेकर काय करतात.

गोमाईकाठचा (शहादा)

दादा, आधी मला वाटलं तुमचं घड्याळ पुढे आहे. मग बसून आकडे काढले. तुमचं बरोबर निघालं.

जळगावसाठी काढलेले आकडे देतो, अमळनेरला दोनेक मिनिटांचा फरक पडेल. २१ डिसेंबरला सूर्योदय सातच्या सुमारास, सूर्यास्त ५ वाजून ५१. दिवस १० तास ५१ मिनिटांचा, वर्षातला सगळ्यात लहान. १६ जानेवारीला सूर्योदय ७ वाजून ७, सूर्यास्त ६ वाजून ७. दिवस ११ तासांचा झाला. म्हणजे दिवस वाढलाय नऊ मिनिटांनी, पण सकाळने सात मिनिटं गमावली आणि संध्याकाळने सोळा कमावली. आपल्याकडे सगळ्यात उशिराचा सूर्योदय १५-१७ जानेवारीच्या आसपास येतो आणि सगळ्यात लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच होऊन जातो.

कारण सूर्याचा मध्यान्ह आपल्या घड्याळाच्या मध्यान्हाशी बांधलेला नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार, जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सगळ्यात जवळ असते आणि जोरात धावते. त्यात आस कललेला. या दोन्हींमुळे या दिवसांत मध्यान्ह रोज वीस ते तीस सेकंद पुढे ढकलला जातो. जळगावला २१ डिसेंबरला सूर्य माथ्यावर येतो १२ वाजून २६ मिनिटांनी, जानेवारीच्या मध्याला १२ वाजून ३७ ला. दिवसाची दोन्ही टोकं त्याच्याबरोबर सरकतात.

तेव्हा तुमची आई बरोबर होती. पहाटे उठणाऱ्या माणसाला दिवस संक्रांतीनंतरच वाढताना दिसतो. मला हे कालपर्यंत माहीत नव्हतं.

पंचांगी (जळगाव)

बघा, शेतकऱ्याची बॅटरी निरयन निघाली.

थट्टा केली. हा योगायोग आहे हे मलाही कळतं. दोनशे वर्षांनी संक्रांत आणखी तीन दिवस पुढे गेलेली असेल आणि बॅटरी फारशी हललेली नसेल.

पण गोमाईकाठच्या भाऊंनी गच्चीचा दाखला दिला म्हणून एक सांगतो. आजी गेल्या त्या २७ डिसेंबरला सूर्य वळणापासून जेमतेम सात कला (अंशाचे साठ भाग केले तर त्यातले सात) उत्तरेला आला होता. बिंबाच्या पाव भागाइतकाही नाही. 'ज्याला डोळे आहेत त्याने बघावं' म्हणालात, पण त्या संध्याकाळी तुमच्या डोळ्यांना धुराड्यापाशी काहीही फरक दिसला नसता. तुम्हीही गणितावरच विश्वास ठेवलात, जसा आम्ही ठेवतो.

गोमाईकाठचा (शहादा)

मान्य. त्या संध्याकाळी मी गच्चीवर गेलोच नव्हतो.

धुळ्याची सून

इथे सगळे पुरुष बोलताहेत आणि संक्रांत निस्तरतात बायका, म्हणून लिहिते.

मला २२ की १४ याच्याशी फार देणंघेणं नाही. माझा राग वेगळा आहे. डिसेंबर संपत आला की मोबाईलवर सुरू होतं: यंदा संक्रांत अमुक वाहनावर बसून आली, तमुक रंगाचं वस्त्र नेसली, अमक्या दिशेला चालली, ती ज्यावर बसली ते महागणार, आणि तो रंग कुणी नेसायचा नाही. तीन वर्षांपूर्वी मी दिवाळीच्या बोनसमधून पिवळी साडी घेतली होती, हळदीकुंकवालाच नेसायची म्हणून. आठ दिवस आधी निरोप आला, यंदा पिवळं वर्ज्य. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण सुगडं पुजताना माझ्या साडीकडे बघून गप्प झाल्या. मी आत जाऊन बदलून आले. पुढच्या वर्षी नेसले तर ब्लाऊज होईना.

सूर्य कुठल्या अंशावर आहे हे जर इतकं काटेकोर गणित आहे, तर त्याच पानावर साडीचा रंग कुठून येतो, हे जळगावच्या काकांनी सांगावं.

आणि एक विचारायचं होतं. 'संक्रांत कोसळली' म्हणतात ते पानिपतावरून, कारण लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली, असं आम्हाला शाळेत सांगितलं होतं. तेव्हा तर संक्रांत १४ ला नव्हती ना, वरच्या हिशेबाने?

पंचांगी (जळगाव)

ताई, वाहन-वस्त्राची ती यादी संक्रांत कुठल्या करणावर लागली त्यावरून येते. करण म्हणजे अर्धी तिथी. जुन्या मुहूर्तग्रंथांत त्याचं फळ दिलेलं आहे आणि पंचांगात ते छापावं लागतं, नाही छापलं तर लोक दुकानदाराकडे परत करतात. पण 'नेसू नये' हा जो निरोप फिरतो, तो ग्रंथातला नाही. संक्रांत त्या रंगाचं वस्त्र नेसते एवढंच त्यात असतं. बाकी उरलेलं मोबाईलने जोडलं. पिवळी साडी खुशाल नेसा.

पानिपताचं तुम्ही छान पकडलंत. लढाई १४ जानेवारी १७६१, बुधवार. आजच्या चित्रापक्षाने गणित केलं तर त्या वर्षी सूर्य मकर राशीत शिरला १० जानेवारीला संध्याकाळच्या सुमारास. म्हणजे लढाई झाली तेव्हा संक्रांत होऊन चार दिवस उलटले होते. आपण आजचं कॅलेंडर मागे लावून बघतो म्हणून ती संक्रांतीला झाली असं वाटतं.

नंदुरबारचा मांजा

शाळेत चौदा मार्काच्या निबंधात मी हेच लिहिलं होतं. मार्क परत घेणार का?

पाटणवाट (चाळीसगाव)

उशिरा आलो. भास्कराचार्यांच्या गावावरून... सॉरी, त्यांचं गाव कुठलं यावर वेगळी मारामारी होईल. नातवाच्या गावावरून म्हणतो.

चाळीसगावहून पाटणादेवीला गेलात तर तिथला शिलालेख शके ११२८ चा आहे, म्हणजे आठशे वर्षांपेक्षा जुना. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादवराजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी. त्याने आजोबांचा सिद्धांतशिरोमणी आणि त्या घराण्यातले बाकीचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. लेख संस्कृतात, पण शेवट जुन्या मराठीत, कारण तो भाग बाजारातल्या माणसाला कळायला हवा होता: या पाटणात जो माल विकायला उघडेल, त्यावरचं राजाकडे जाणारं उत्पन्न मठाला दिलं आहे. खानदेशातल्या हाटातल्या पैशावर इथे गणित शिकवलं जात होतं, हे वाचलं की मला दरवेळी बरं वाटतं. (तिथे जायचं तर हिवाळ्यातच जा. जंगल पार करून देऊळ दिसतं तेव्हा अंगावर स्वेटर असलेलं बरं.)

आता वादाकडे. करणकुतूहल या ग्रंथात भास्कराचार्य अयनांश अकरा धरतात. म्हणजे वळण आणि संक्रांत यांच्यात अकरा दिवसांची फट पडलेली आहे हे पाटणच्या मठातल्या पोरांना तेव्हाच शिकवत असणार. आज ती चोवीस आहे. नवं काही नाही.

त्याच्याही आधी वराहमिहिर. वेदांग ज्योतिष या त्याहून जुन्या ग्रंथात म्हटलंय की सूर्य धनिष्ठेच्या आरंभी उत्तरेला वळतो. वराहमिहिराच्या काळापर्यंत ते वळण मकरेच्या आरंभाशी आलं होतं. त्याने काय केलं? 'पूर्वीच्या शास्त्रात लिहिलंय त्या अर्थी तेव्हा तसं असणार, पण आज तसं नाही' असं बृहत्संहितेत लिहून ठेवलं, आणि पुढे म्हणाला, 'प्रत्यक्षपरीक्षणैर्व्यक्तिः'. डोळ्यांनी तपासा. कसं तपासायचं तेही सांगितलं: उगवताना किंवा मावळताना लांबची एखादी खूण धरा, नाहीतर मोठ्या वर्तुळात सावली कुठून आत येते, कुठून बाहेर जाते ते बघा. गोमाईकाठच्या दादांचं धुराडं म्हणजे ही लांबची खूणच झाली.

तेव्हा माझं मत शहाद्याच्या बाजूने. परंपरेत जे मोठे होते त्यांनी आकडा बदलला, आपण त्यांचा तो एक आकडा कवटाळून बसलो. सण हलवू नका म्हणता, ठीक. पण सणच मुळात ऋतूचा आहे ना? तीळ, गूळ, बाजरी, भोगीची भाजी, हे थंडीचं खाणं. असंच चालू राहिलं तर साडेअकरा हजार वर्षांनी संक्रांत जूनमध्ये येईल. तेव्हा खानदेशात तिळाची भाकरी कोण खाणार?

पंचांगी (जळगाव)

साडेअकरा हजार वर्षांनी खानदेश असेल तर मी स्वतः येऊन उसाचा रस देईन.

पाटणवाटांशी माझं भांडण नाही, एका गोष्टीशिवाय. वराहमिहिर तुमच्या एकट्याचा नाही. ज्या माणसाने 'डोळ्यांनी तपासा' लिहिलं, त्यानेच बृहज्जातक हा फलज्योतिषाचा ग्रंथही लिहिला. भुसावळच्या साहेबांना अर्धा वराहमिहिर हवा असतो, तुम्हालाही अर्धाच हवाय. मला तो पूर्ण घ्यावा लागतो, आणि त्यामुळे माझी अडचण तुमच्यापेक्षा मोठी आहे. वळणाचा दिवस मी डोळ्यांनी तपासू शकतो. मंगळाचं फळ कसं तपासू? ते मी गुरूकडून घेतलं आणि पुढे देतो. हे मी इथे लिहितोय, गिऱ्हाइकासमोर बोललो नसतो.

मत मात्र बदललेलं नाही. संक्रांत १४ लाच. आणि तिला उत्तरायण म्हणणाऱ्या बाईला मी दुरुस्त करायला जाणार नाही.

भुसावळ जंक्शन

काका, तुमचं 'मंगळाचं फळ कसं तपासू' हे वाक्य फ्रेम करून स्टेशनवर लावायला हवं. चेष्टा नाही करत.

धुळ्याची सून

काका, करणाचं समजलं. यंदा निरोप आला की खाली तुमचं उत्तर चिकटवणार. साडीचं ब्लाऊज मात्र नवीन शिवावं लागेल.

गोमाईकाठचा (शहादा)

वराहमिहिराने सांगितलंय तर करून बघू म्हटलं. शहाद्याचा अक्षांश साडेएकवीसच्या किंचित वर. त्यात आसाचा कल, २३ अंश २६ कला, मिळवा, जवळपास बरोबर ४५ येतात. म्हणजे वळणाच्या दिवशी मध्यान्हाला आमच्या गावात काठी जेवढी, सावली तेवढीच पडायला हवी. हे जळगावला नाही होत, तिथे मीटरच्या काठीची सावली ९८ सेंटीमीटर. चाळीसगावला ९६. शहाद्याला पुरी शंभर. इतकी वर्षं इथे राहून मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

२२ तारखेला करतो आणि इथे टाकतो.

दादरवाला (अमळनेर)

काठी कोनती घेशी? पऱ्हाटीनी वाकडी ऱ्हास.

गोमाईकाठचा (शहादा)

जुन्या टीव्हीच्या अँटेनाची नळी आहे. सरळ आहे. ओळंबा गवंड्याकडून आणलाय.

गोमाईकाठचा (शहादा)

आज २२ डिसेंबर. आभाळ स्वच्छ.

नळी अंगणात कुंडीत रोवली, मातीपासून बरोबर १०० सेंटीमीटर. सव्वाबारापासून दर तीन मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची रेघ. टोक धारदार नसतं, शेवटचा एक सेंटीमीटर धूसर असतो, मधोमध धरलं. सगळ्यात आखूड सावली १२ वाजून ३० मिनिटांनी. शंभर. फार तर शंभर आणि अर्धा.

आई भाजी निवडत ओट्यावर बसली होती. पहिल्या दोन रेघांना काही बोलली नाही. तिसऱ्या रेघेला म्हणाली, सरक, तुझी सावली मध्ये येतेय. मग स्वतःच उठून खडू घेतला आणि पुढच्या रेघा तिने मारल्या. झाल्यावर विचारलं, "आणि सत्तावीसला किती असेल?" मी म्हटलं, फार तर अर्धा सेंटीमीटर कमी, दिसणार नाही. ती म्हणाली, "असू दे. १४ तारखेलाही मोजू."

१४ ला ९३ यायला हवी.

त्या फोनचं विचाराल तर: सूत्र वाचून दाखवलं होतं. आई म्हणाली, जळगावच्यांना नमस्कार सांग. अकरा हजारांबद्दल अजून काही बोललेली नाही. मी विचारलेलं नाही.

पंचांगी (जळगाव)

कुंडीची माती सपाट होती का? बाकी आकडा बरोबर. आईंना माझाही नमस्कार.

दादरवाला (अमळनेर)

कुंडी हालवू नका मंग. चवदाले मी येस. वांगा लई येस, भरीत करू. पऱ्हाटी शे मनाकडे.